भागीरथीनं निवडलेली जीप

कामोठ्याच्या गावठाणात कुणी नवी गाडी घेतली की ती आधी गावदेवीच्या देवळासमोर उभी राहते, आणि मग अख्खी भावकी तिच्याभोवती उभी राहते. गाडी पांढरी हवी, उंच हवी, आणि बॉनेटवरचा हार एवढा जाड हवा की चालवणाऱ्याला पुढचं दिसता कामा नये. नवी मुंबईसाठी सरकारकडं जमिनी गेल्या, बदल्यात भूखंड मिळाले, भूखंडांवर इमारती चढल्या आणि त्यांच्या मागोमाग या गाड्या आल्या. त्यात वाईट काहीच नाही. ज्यांच्या आज्यांनी गुडघाभर चिखल तुडवला त्यांनी एसी लावून फिरावं, कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. पण याच गावठाणात कुणी जुनी गाडी दारात आणली, तर लोक समजतात की घरात काहीतरी बिनसलं. धंदा बसला असेल, नाहीतर भावाभावांचं वाजलं असेल. आणि भागीरथीला जुनीच गाडी हवी होती.

साठीला टेकलेली ही बाई. तिच्याशी वाद घालायला माणसं घाबरत नसत, फक्त घालून झाल्यावर पस्तावत. नवरा वामन मिठागरावर कामाला होता. त्याची कंबर कायमची गेली तेव्हा घर हिच्या अंगावर पडलं. हिनं रडारड केली नाही, टेम्पो चालवायला शिकली. पहाटे वाशीला एपीएमसी मार्केट गाठायचं, कांदे-बटाटे भरायचे आणि कामोठ्यातल्या, कळंबोलीतल्या दुकानांना पोचवायचे. लुगडं क्लचमध्ये अडकायला लागलं तेव्हा लुगडं सोडलं आणि पंजाबी ड्रेस घातला. गावात बरेच दिवस दुसरा विषय नव्हता. "बगा, बगा," ती म्हणायची, "बगून झालं की बाजूला व्हा, माल उतरवायचा हाय."

त्या कांद्यांवर तिचा मुलगा हरेश शिकला, आधी ठेकेदार झाला आणि मग बिल्डर. आईवर त्याचा जीव होता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पण शाळेत त्याला पोरं 'टेम्पोवालीचा' म्हणून चिडवत, आणि ते त्याच्या मनातून कधी गेलं नाही. भागीरथी एकदा पेणला लग्नाला गेली होती. परत आली तर दारात टेम्पो नव्हता.

"विकला," हरेश जेवता जेवता म्हणाला. "आता तू आराम कर, आई. बिल्डरची आई टेम्पो चालवते, बरं दिसतं का?"

ती काही बोलली नाही. जन्मात एकदाच ती अशी गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्याचा राग तिला पुढं कित्येक वर्षं पुरला. तिला एसी मिळाला, गुडघ्यांना डॉक्टर मिळाला, देवदर्शनाला ड्रायव्हरसकट गाडी मिळाली. मागच्या सीटवर बसून ती काचेतून बघायची, आणि ड्रायव्हरनं गिअर उशिरा बदलला की तिचा डावा पाय आपोआप खाली दाबला जायचा.

मग एका दुपारी सून प्रियानं तिला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कच्छचं छोटं रण. झाड नाही, घर नाही, रस्ता तर नाहीच. चिखलाच्या वाफ्यांतून एक बाई लाकडी दाताळ्यानं मीठ ओढत होती. पायांच्या टाचा भेगाळलेल्या, कंबर अर्ध्यातून वाकलेली. भागीरथीचा बाप अस्साच ओढायचा. लग्नाआधी ती स्वतःही ओढत होती. त्या लोकांना तिकडं अगरिया म्हणतात, असं प्रियानं वाचून दाखवलं.

"अगरिया," भागीरथी म्हणाली. "आनी आमी आगरी." एवढं बोलून तिनं तो व्हिडिओ परत लावायला सांगितला. इथं तर मिठागर होतं त्या जागी आता स्विमिंग पूलवाले टॉवर उभे होते, त्यातला एक तिच्याच मुलानं बांधलेला. त्या बाईच्या शेजारी जाऊन उभं राहावं, तिच्या हातातलं दाताळं घेऊन बघावं, अजून जमतं का, असं तिला फार वाटलं.

रात्री जेवताना तिनं सांगून टाकलं. "मी रणात जानार. गाडी चालवत. गाडी मी घेनार, मी निवडनार."

हरेशनं घास खाली ठेवला. "आई, टेन्शन कशाला? फ्लाइटनं भुजला जाऊ, मस्त हॉटेल बुक करतो."

"रणात फ्लाइट उतरते काय?"

"मग नवी फोर बाय फोर घेतो ना तुला. टॉप मॉडेल."

"तिचं बॉनेट उघडलं तं इंजिन दिसत नाय, प्लास्टिकचं झाकन दिसतं. ते झाकन काढाला पन शोरूमला इचारायचं. मना जुनी पायजे. दांडा ओढला की चारी चाकं लागली पायजेत, आनी मोडली तं कुठल्या पन गावात पाना लावून उभी राहिली पायजे."

वामननं आयुष्यात थोडेच प्रश्न विचारले होते, त्यातला एक त्यानं आत्ता विचारला. "मना जेवान कोन देनार?"

"हात हायत तुमाला," भागीरथी म्हणाली आणि विषय तिच्यापुरता संपला.

सोबतीला तिनं चांगुणाबाईला धरलं. चांगुणाबाई म्हणजे मिठागरावरची जुनी मैत्रीण, अंगानं जाड, गुडघ्यांनी नाजूक. तिच्या दोन्ही सुना "जा, जा, खुशाल जा" इतक्या पटकन म्हणाल्या की तिला जरा संशयच आला. तिची अट एकच होती, मागं आडवं व्हायला जागा पाहिजे. त्यामुळे गाडी बघायला जाताना चांगुणाबाईलाही न्यायचं ठरलं. ती चढू शकली आणि आडवी होऊ शकली तरच गाडीचा पुढं विचार. जाहिराती शोधायचं काम प्रियाकडं. तिला सासूची ही सगळी धडपड मनापासून आवडत होती, पण नवऱ्यासमोर तसं दाखवायची सोय नव्हती.

पहिली जीप खारघरच्या एका सोसायटीत होती. मालक शौनक नावाचा पोरगा, आणि जीप अशी सजवलेली की नवरदेव लाजावा. टपावर दिव्यांची रांग, मागं शिडी, टायर चांगुणाबाईच्या कमरेपर्यंत. चांगुणाबाईनं एक पाय उचलून बघितला, परत खाली ठेवला आणि म्हणाली, "ही मना नको, हिला शिडी मागं हाय आनी दार पुढं."

भागीरथीनं पिशवीतून तांदळाची रिकामी गोणी काढली, जमिनीवर पसरली आणि सरळ गाडीखाली शिरली. मार्केटमधली तिची सवय होती ती. कांद्याच्या गोणीत वरचे कांदे सगळेच दाखवतात, म्हणून ती गोणी उलटी करून खालून उसवायची. गाडीच्या पोटाला नुकताच काळा रंग फासला होता. तिनं चावीनं जरा खरवडलं तर पापुद्रा सुटून गंजाचा चुरा तिच्याच तोंडावर पडला.

"आंटी, प्लीज टच नका करू!" शौनक ओरडला.

"हात लावला तं पडतो, तं रस्त्यावर काय होईल?" ती तोंड पुसत बाहेर आली. "बाला, ही वरातीत फिरव, लई शोभेल."

दुसरी गाडी वाशीला, मधुकर नावाच्या एका निवृत्त गृहस्थांची. परदेशी बनावटीची, थोराड, वापरून वापरून नरम झालेली. त्यांनी ती पोटच्या पोरीसारखी जपलेली होती आणि विकायच्या विचारानं त्यांचा आवाज कापरा झाला होता. चांगुणाबाई मागच्या सीटवर आडवी झाली आणि बघता बघता घोरायला लागली. तिच्या बाजूनं निकाल लागला. भागीरथीलाही स्टिअरिंग हातात धरल्यावर ते सोडवेना. पण चारी चाकांची ताकद जोडायला तिथं दांडा नव्हता, बटण होतं. ते दाबल्यावर एक दिवा नुसता लुकलुकत राहिला.

"सेन्सरचा थोडा प्रॉब्लेम आहे," मधुकरराव प्रामाणिकपणे म्हणाले. "पार्ट बाहेरून मागवावा लागतो. येतो, पण वेळ लागतो."

"काका, रणात हे बटन रुसलं तं मी कुनाला हाक मारू?" तिनं हळूच विचारलं. या माणसाला दुखवायचं तिच्या जिवावर आलं होतं. मग चांगुणाबाईला हलवून हलवून उठवावं लागलं, ते एक वेगळंच काम झालं.

असे रविवार जात राहिले. कुठं टप गळका, कुठं कागद अपुरे, कुठं मालकच असा की त्याच्याकडून सुईसुद्धा घेऊ नये. हरेश रोज रात्री हसत विचारायचा, "काय, मिळाला का आईचा रणगाडा?" आणि भागीरथी हसायची नाही.

शेवटी गाडी आली ती सोयऱ्यांतून. प्रियाचे मामा हौसेराव, उरणच्या बाजूच्या गावातले, यांच्याकडं पत्र्याच्या टपाची लांब डिझेल जीप बरीच वर्षं होती. रंग उडालेला हिरवा, पण पासिंग ताजं, टायर बरे. बातमी कळताच तिघी निघाल्या. आणि इथंच, जिनं कुणाच्या बापाला सोडलं नव्हतं, ती भागीरथी फसली.

फसवलं कुणी म्हणाल, तर सोयरिकीनं. आगरी घरात सुनेचं माहेर म्हणजे पायरीवरसुद्धा जपून पाय ठेवावा अशी जागा. हौसेरावांनी अंगणातच हात जोडले, "आधी जेवान, मग गाडी." तांदळाच्या भाकऱ्या, मटण, आणि वर जिताड्याचं कालवण. हा मासा ज्याच्या पानात पडला, त्यानं यजमानाला उलट प्रश्न विचारायचा नसतो. गोणी पिशवीत होती. प्रियानं दोनदा डोळ्यांनी खुणावलं. पण जिताडं खाऊन उठायचं आणि लगेच सोयऱ्याच्या गाडीखाली शिरून त्याच्या शब्दाची तपासणी करायची, हे भागीरथीला कसंतरीच वाटलं. गाडी तिनं गावच्या रस्त्यावर एक चक्कर फिरवली. इंजिन गुरगुरत नीट चाललं. चांगुणाबाई विनासायास चढली, आडवी झाली, उठून म्हणाली, "घे गो, हीच घे."

"आपल्या मानसाला खोटी वस्तू देन काय मी?" हौसेराव म्हणाले. भागीरथीनं तिथल्या तिथं शब्द दिला.

जीप कामोठ्यात आली तेव्हा हरेश दारातच उभा होता. "ही?" एवढंच म्हणाला आणि आत गेला. भावकीतल्या चार जणांनी येता जाता वामनला विचारून घेतलं, धंदा बरा चाललाय ना म्हणून.

दुसऱ्या दिवशी भागीरथीनं जीप खाडीकडच्या चिखलात घातली. मागं चांगुणाबाई, बाजूला प्रिया. चिखल लागला तशी तिनं चारी चाकांचा दांडा जोरात ओढला आणि अॅक्सिलरेटर दाबला. मागची चाकं फिरली, आणखी फिरली आणि खाली जायला लागली. पुढची चाकं मात्र पंगतीला बसलेल्या पाहुण्यासारखी जागची हलेनात. बघता बघता जीप मागच्या बाजूनं पार बसली. "गो, मी मागं घसरतेय," चांगुणाबाई आतून ओरडली.

शेवटी हरेशच्याच साइटवरचा जेसीबी बोलवावा लागला. जेसीबीनं साखळी लावून जीप ओढली आणि साइटवरच्या पोरांनी मोबाइल काढले. संध्याकाळपर्यंत 'भागीरथीकाकूंचं रण' हा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर सगळ्यांनी पाहिला. टेम्पोच्या काळात जी माणसं बाजूला होत नव्हती, त्यांनी आता हसून घेतलं.

"झालं समाधान?" हरेश म्हणाला. आवाजात राग कमी होता आणि कीव जास्त, आणि तीच तिला झोंबली. "मी बोलतो हौसेमामांशी, देतो परत."

"गाडी माजी हाय. काय बोलायचं ते मी बोलेन. तू मदी पडू नको."

कळंबोलीच्या गॅरेजवाल्या सितारामनं जीप लिफ्टवर चढवली आणि तिला खाली बोलावलं. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना नेणारा लोखंडी शाफ्ट जिथं असायला हवा तिथं नुसती पोकळी होती. कुणीतरी तो काढूनच टाकला होता. एकदा खाली वाकून बघितलं असतं तर तो नाही हे लहान पोरालाही दिसलं असतं. भागीरथी त्या पोकळीकडं बघत उभी राहिली. तिला हौसेरावांचा राग आला, पण त्याहून जास्त आला स्वतःचा. अनोळखी पोराच्या गाडीचा रंग खरवडायला हात पुढं झाला आणि सोयऱ्यापुढं त्याच हातानं मुकाट भाकरी मोडली.

प्रियाला बाजूला बसवून ती तिथूनच उरणच्या रस्त्याला लागली. प्रिया म्हणाली, "आई, आज मामांकडं साखरपुडा आहे, पाहुणे असतील."

"असू दे. मोप मानसं असली की साक्षीला बरी."

मांडवात पाहुणे बसले होते, पेढे फिरत होते. भागीरथीनं जीप मांडवाच्या तोंडाशी लावली, गोणी पसरली आणि भर साखरपुड्यात सोयऱ्याच्या दारात गाडीखाली आडवी झाली. नवरी मुलगीसुद्धा मान वाकवून बघायला लागली. प्रियानं पदर तोंडाला लावला, तो लाजेनं की हसू दाबायला, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"हौसेराव पावनं," खालून आवाज आला, "जरा वाकून बगता काय, हितं काय पायजे होतं?"

हौसेराव वाकले. कपाळावर हात मारला. "अगो बाय, तो शाफ्ट! तो मीच काढून ठेवला. आवाज करायचा आनी डिझेल खायचा. आमाला गावात चारी चाकं कशाला लागतात? माळ्यावर पडलाय."

"मग सांगितलं नाय ते?"

"तुमी इचारलंच नाय! मना वाटलं लग्नाकार्याला वापराला नेतायत." माणूस खरंच गोंधळला होता, त्याच्या डोळ्यांत कपट नव्हतं. भागीरथी गाडीखालीच पडून राहिली आणि तिला मोठ्यानं हसू फुटलं. मग हौसेरावांनाही फुटलं. मांडवातल्या काहींना नाही फुटलं. सोयऱ्याच्या दारात बाईमाणूस गाडीखाली शिरलं, हे ते अजून विसरलेले नाहीत आणि विसरणारही नाहीत. त्यांचं त्यांनी बघावं.

माळ्यावरून शाफ्ट खाली आला तो सुकटीच्या टोपल्यांमागून, गोणपाटात गुंडाळलेला. त्याला असा वास मारत होता की सितारामनं दोन्ही हातांनी लांब धरूनच तो बसवला. पुढच्या चाकांचं गंजून धरलेलंही सगळं सोडवलं, वंगण घातलं. त्यानंतर भागीरथी परत त्याच खाडीच्या चिखलात गेली, आणि या वेळी मुद्दाम सगळ्यांच्या देखत. जीप रुतली, थांबली, एकदा अंग झाडल्यासारखी हलली आणि चारी चाकांनी चिखल फेकत बाहेर आली. बाहेर आल्यावर तिनं ती वळवून परत आत घातली. या वेळी कुणी व्हिडिओ काढला नाही, म्हणून ती जरा चिडलीच.

निघायचा दिवस ठरला. गॅसची छोटी शेगडी, पाण्याचे कॅन, तांदळाचं पीठ, सुका जवळा, चांगुणाबाईची गादी, असं सगळं जीपमध्ये बसलं. तिकडून जमलं तर जैसलमेर, आणि त्याहून जमलं तर पुढं पहाडाकडं. दिल्लीच्या बाजूला जुनी डिझेल गाडी चालू देत नाहीत, असं प्रियानं सांगितलं. "दिल्लीत माजं काय काम हाय?" भागीरथी म्हणाली. हरेश या सगळ्यात एक अक्षर बोलला नाही. फक्त आदल्या दिवशी म्हणाला, "निघायच्या आधी गावदेवीला ये, आई. नारळ वाढवून जा." तिला बरं वाटलं. विरघळला पोरगा, असं ती वामनला म्हणालीसुद्धा.

सकाळी ती जीप घेऊन देवळापाशी गेली तर तिथं मांडव. भावकी जमलेली, बँजो लागलेला, आणि तिचा स्वतःचा फोटो एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर की तो तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. फोटोवर लिहिलं होतं, 'आईसाहेबांना लेकाची भेट'. त्याच्याखाली पांढरीशुभ्र नवी गाडी उभी होती, हारानं झाकलेली, आणि शेजारी पांढऱ्या गणवेशातला ड्रायव्हर.

दर्शन घेऊन ती वळेपर्यंत हरेश पुढं आला. त्याचा चेहरा खुललेला होता. लहानपणी नवी चप्पल मिळाल्यावर खुलायचा तसा. "आई, ही तुझी. हा विश्वजित, हा चालवेल. तुम्ही दोघी मागे आरामात बसा. रणात जा, हिमालयात जा, कुठंही जा."

बँजो वाजला, टाळ्या पडल्या. भागीरथीनं गाडीच्या दारावरून हात फिरवला. सुंदर होती, खोटं कशाला बोला. थंड, गुळगुळीत, आतून नव्या कातड्याचा वास येणारी.

"आनी माजी जीप?"

"तिची काळजी नको. भंगारवाल्याशी बोललोय, दुपारी येऊन घेऊन जाईल."

ती जीपकडं वळली. चांगुणाबाई मागं गादीवर बसून घाबरून बघत होती. चावी लावलेली असायला हवी होती तिथं नव्हती. ती दर्शनाला आत गेली तेव्हाच हरेशनं ती काढून वडिलांकडं दिली होती. वामन मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, बंडीच्या खिशावर हात ठेवून.

टेम्पोच्या वेळी ती गप्प बसली होती. या वेळी तिचा आवाज अजिबात कापला नाही.

"बँजो बंद कर रं," ती म्हणाली. बंद झाला.

"आई, सगळ्यांसमोर नको," हरेश जवळ येऊन म्हणाला.

"सगळ्यांसमोर दिलीस ना? मग सगळ्यांसमोर नको म्हनतेय. टेम्पो इकलास, मी गप बसले. माज्या दारातली वस्तू होती, माज्या घामाची. आज ही निघाली भंगारात. मी पन तेवडीच जुनी हाय, हरेश. मना कुटं देनार हायस?"

"काय कमी केलं मी तुला?" त्याचा आवाज फुटला. "सांग ना. काय कमी केलं?"

"काय बी कमी नाय केलंस. जे मी मागितलं नाय ते पन दिलंस." ती थांबली. तिला त्याचा चेहरा बघवत नव्हता, पण तिनं बघितला. "दिलंस सगलं. इचारलं कदी काय नाय."

भावकीतला एक म्हातारा पुटपुटला की बाईला पोराच्या इज्जतीची पडली नाही. भागीरथीनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं पुढचं वाक्य गिळलं.

वामन खांबापासून सुटला. कमरेवर हात ठेवून सावकाश चालत बायकोपाशी आला. सगळ्या गावाला वाटलं, आता तो तिला समजावणार.

"ऑइल-पानी बगितलंस?" त्यानं विचारलं.

"बगितलं."

"टायरची हवा?"

"ती पन."

"मग घे." त्यानं बंडीच्या खिशातून चावी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. "आनी जपून जा. माज्या जेवनाचं मी बगेन."

ती चढली. इंजिन पहिल्याच फटक्यात लागलं. मागून चांगुणाबाईनं गावदेवीचं नाव घेतलं. प्रियानं सगळ्यांच्या देखत पुढं होऊन सासूच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि नवऱ्याकडं न बघता बाजूला जाऊन उभी राहिली.

हरेश जीपच्या समोर उभा होता. हलला नाही. भागीरथीनं हॉर्न वाजवला नाही आणि क्लचवरून पाय काढलाही नाही. तिच्या पोराच्या हातात एक पिशवी होती, नव्या गाडीच्या पूजेसाठी आणलेल्या लिंबांची. ती पिशवी तो मुठीत चुरगाळत होता. मग तो चालत तिच्या खिडकीपाशी आला. डोळे लाल झाले होते.

"आई," तो म्हणाला, "तुझ्या गाडीच्या चाकांखाली लिंबू ठेवू का?"

भागीरथीनं हँडब्रेक ओढला.

"ठेव," ती म्हणाली. "चारी चाकांखाली ठेव, माज्या गाडीची चारी ओढतात. आनी मग बाजूला हो."